पंगत, पत्रिका आणि इन्सुलिन

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या गावी चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. एक वाजता पंगत बसणार असं सकाळपासून चाललं होतं. मी पावणेएकला आतल्या खोलीत गेले, दाराला कडी लावली आणि पोटावर पेनाने सहा युनिट इन्सुलिन घेतलं. जेवणाआधी पंधरा मिनिटं घ्यायचं, हा नियम. बाहेर आले तर पुरुषांची पंगत बसली होती. ती उठली, मग पाहुण्यांची बसली. काकू म्हणाल्या, "अगं, जरा वरण घेऊन फीर की." मी वरणाची बादली घेतली आणि फिरले. दोन वाजत आले तेव्हा बायकांची पंगत अजून मांडायची होती आणि माझे हात थरथरायला लागले होते. समोरच्या पत्रावळी दोन-दोन दिसत होत्या. मी तिथेच ओट्यावर बसले.

थोरल्या काकूंनी साखरेच्या डब्यात हात घालून मूठभर साखर माझ्या तोंडात घातली. त्यांच्या आईला शुगर होती, त्यामुळे त्यांना कळलं. नंतर तपासलं तर साखर ५१ होती. सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नसते. बाकीच्यांना आईने सांगितलं, "उन्हाने चक्कर आली. पुण्यात एसीत बसायची सवय ना." संध्याकाळपर्यंत एका आत्याने विचारलंच, "हिला फिटबिट येत नाही ना गं? स्थळं बघताय म्हणून विचारते."

मला टाइप वन डायबेटिस आहे. सव्विसाव्या वर्षी झालेला. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना परकं समजून मारते, तो ऑटोइम्यून प्रकार. गोड खाऊन होत नाही, कारल्याच्या रसाने जात नाही. तरीही पहिलं वर्षभर मला टाइप टूच्या गोळ्या चालू होत्या. साखर उतरत नव्हती, वजन नऊ किलो उतरलं आणि प्रत्येक भेटीत मला विचारलं जायचं, "पथ्य नीट पाळता ना?" शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबॉडीची चाचणी केली आणि निदान बदललं. ज्याला लहानपणी होणारा आजार म्हणतात, तो मला मोठेपणी झाला होता.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलं, नोकरीही त्यातलीच. पण बारशाहून परत आल्यावर मला एक प्रश्न सतावायला लागला. औषध हातात असूनही मी ओट्यावर कोसळले होते, कारण आमच्या घरात बायका शेवटी जेवतात. मग या औषधाच्या शंभर वर्षांत असं आणखी कुणाकुणाचं झालं असेल? मोठेपणी हा आजार झालेली माणसं कशी जगली आणि त्यांच्या घरच्यांनी काय केलं? रात्री अमेरिकेतल्या टीमबरोबरचा कॉल संपला की मी हे वाचत बसायचे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

फ्लॉरेन्सला गेलेला डॉक्टर

१९२० साल. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स नावाचा अठ्ठावीस वर्षांचा, मूळचा स्कॉटलंडचा तरुण सर्जन होण्याच्या तयारीत होता. मृतदेहावर कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करताना हाडाची कपची उडून त्याच्या डोळ्यात गेली. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला. त्या आजारपणात लघवी तपासली तर तीत साखर सापडली.

तेव्हा इन्सुलिन नव्हतं. होता तो फक्त उपास. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक अ‍ॅलन या डॉक्टरने आखलेल्या उपचारात रुग्णाला इतकं कमी खायला द्यायचे, की लघवीतून साखर नाहीशी व्हावी. त्याने माणूस बरा होत नसे, त्याचं मरण लांबत असे. लॉरेन्स स्वतः डॉक्टर असल्यामुळे आपल्याकडे किती वर्षं आहेत याचा अंदाज त्याला होता. त्याने एक विचित्र निर्णय घेतला. घरच्यांच्या डोळ्यांसमोर झिजत मरायचं नाही, दूर जायचं. तो इटलीत फ्लॉरेन्सला गेला आणि तिथल्या इंग्रज रहिवाशांमध्ये त्याने छोटीशी प्रॅक्टिस सुरू केली.

हे वाचताना मी थांबले. आजारी माणूसच घरच्यांना सांभाळून घेतो, हे मला ओळखीचं होतं. साखर चारशेच्या घरात होती त्या आठवड्यात मीही आईला फोनवर "बरी आहे" म्हणत होते.

१९२२-२३ च्या हिवाळ्यात लॉरेन्सची प्रकृती ढासळली. पायांच्या नसा कमजोर झाल्या. तोपर्यंत कॅनडात बरंच काही घडून गेलं होतं. टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला होता. ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं, ते नीट लागू पडलं नाही. मग जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला आणि मुलाची साखर उतरली. पेटंट टोरांटो विद्यापीठाला नावापुरत्या एकेका डॉलरला देऊन टाकलं. हे औषध इंग्लंडमध्ये पोचलं तेव्हा, मे १९२३ मध्ये, किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या जेफ्री हॅरिसन या सहकाऱ्याने लॉरेन्सला निरोप धाडला. इन्सुलिन मिळालंय, ते काम करतं, लगेच ये, असा त्याचा अर्थ. बधिर पायांनी गाडी चालवत लॉरेन्स युरोप ओलांडून लंडनला आला आणि ३१ मेला त्याला पहिलं इंजेक्शन मिळालं.

त्यानंतर तो पंचेचाळीस वर्षं जगला, १९६८ पर्यंत. लग्न केलं, मुलं झाली. मधुमेह घेऊन कसं जगायचं यावर डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी पुस्तक लिहिलं. १९३४ मध्ये त्याने आपले रुग्ण असलेले लेखक एच. जी. वेल्स यांना बरोबर घेऊन मधुमेहींची संघटना उभी केली. आजची 'डायबेटिस यूके' ती हीच.

त्याच्या नशिबाचा हिशोब केला तर त्यात औषधाइतकाच त्या निरोपाचा वाटा आहे. तो डॉक्टर होता, त्याचा सहकारी प्रयोगशाळेत होता, त्या सहकाऱ्याला त्याची आठवण होती. १९२३ च्या मे महिन्यात युरोपात असे कितीतरी अठ्ठावीस-तीस वर्षांचे शिंपी, शेतमजूर, शिक्षिका असतील ज्यांना निरोप पाठवणारं कुणी नव्हतं.

लपवलेली बाटली

सुरुवातीच्या रुग्णांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध नाव एलिझाबेथ ह्यूजचं. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. तिला हा आजार अकराव्या वर्षी झाला, म्हणजे ती माझ्या गटातली नाही. पण तिची पुढची गोष्ट मला सांगायचीच आहे.

अ‍ॅलनच्या उपासमारीवर ती तीन वर्षं तगली. सोबत खासगी नर्स होती, प्रत्येक घास तोलून दिला जायचा. ऑगस्ट १९२२ मध्ये ती पंधरा वर्षांची होत होती आणि तिचं वजन जेमतेम वीस किलो होतं. आईने तिला टोरांटोला नेलं, बँटिंगने इन्सुलिन सुरू केलं आणि काही महिन्यांत ती अंगाने भरली. शाळा, कॉलेज, १९३० मध्ये लग्न, तीन मुलं, समाजकार्य. १९८१ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी ती वारली. तोपर्यंत तिने बेचाळीस हजारांच्या आसपास इंजेक्शनं घेतली होती.

आणि हे जवळजवळ कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तेही लग्न ठरल्यावर. मित्रमंडळींना नाही, मुलांनाही कितीतरी वर्षं नाही. वडिलांच्या कागदपत्रांमधले आपल्या आजाराचे उल्लेखही तिने काढून टाकायला लावले. इन्सुलिनचा इतिहास लिहिणाऱ्या मायकल ब्लिस यांनी तिला शोधून काढलं तेव्हा ती हयात आहे याचंच त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

आधी मला तिचा राग आला. एवढा पैसा, एवढं नाव, आणि तरी लपवलं? पण मग तिच्या बाजूने विचार केला. 'मरायला टेकलेली मंत्र्याची मुलगी' म्हणून वर्तमानपत्रांनी तिला छापलं होतं. ती ओळख पुसून तिला कुणासारखंही साधं माणूस व्हायचं होतं. शिवाय त्या काळी मधुमेही मुलीशी लग्न म्हणजे मूल होईल का, जगेल का, हे प्रश्न आलेच.

आमच्या घरात ते प्रश्न आजही आहेत. माझ्या बायोडेटात उंची आहे, रक्तगट आहे, नाडी आहे, गोत्र आहे, पॅकेज आहे. आजार नाही. आईचं म्हणणं, "आधी माणसं भेटू देत, मग बघू." बाबा काहीच म्हणत नाहीत, फक्त सकाळी उठून जांभळाच्या बियांची पूड माझ्या कपाशेजारी ठेवतात. मी ती घेत नाही हे त्यांना माहीत आहे. डबी तरी रोज तिथे असते.

शांघायमधल्या म्हशी

इव्हा सॅक्सलची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ती पहाटे दोनला, आणि झोपलेच नाही.

इव्हा प्रागची, जन्म १९२१ चा, ज्यू कुटुंबातला. नवरा व्हिक्टर कापड उद्योगातला इंजिनिअर. चेकोस्लोव्हाकियावर नाझींचा ताबा आल्यावर ज्यूंना बाहेर पडणं भाग होतं, पण घेणारा देश नव्हता. शांघाय हे तेव्हा जगातलं असं दुर्मीळ बंदर होतं जिथे उतरायला व्हिसा लागत नसे. वीसेक हजार ज्यू निर्वासित त्या काळात तिथे पोचले. हे नवरा-बायकोही त्यांत होते.

तिथे पोचल्यावर वर्षभरात इव्हाला मधुमेह झाला. वय वीसच्या आसपास. परका देश, परकी भाषा, दोघंच. सुरुवातीला औषधाच्या दुकानात इन्सुलिन मिळत होतं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, त्याच वेळी जपानी फौजांनी शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीचा ताबा घेतला. परदेशी औषधांचा पुरवठा थांबला. काळ्या बाजारात जे मिळे त्याची किंमत सोन्यात मोजावी लागे आणि बाटलीत नक्की काय आहे याची खात्री नसे. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपान्यांनी हुकूम काढला की १९३७ नंतर आलेल्या, कोणत्याही देशाचं नागरिकत्व नसलेल्या निर्वासितांनी हाँगक्यू भागातल्या ठरावीक गल्ल्यांतच राहायचं.

टाइप वनच्या माणसाचं इन्सुलिन पूर्ण थांबलं तर तो काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मरतो. इव्हा उरलेल्या बाटल्या पुरवून पुरवून वापरत होती.

व्हिक्टरला वैद्यकशास्त्रातलं काही कळत नव्हतं. त्याने वैद्यकाचं एक पाठ्यपुस्तक मिळवलं. त्यात बँटिंग आणि बेस्टने प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कसं काढलं याचं वर्णन होतं. दोघांनी ठरवलं, आपणच करायचं. एका चिनी माणसाच्या मदतीने छोटी प्रयोगशाळा वापरायला मिळाली. कत्तलखान्यातून पाणम्हशींची स्वादुपिंडं आणायची.

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून अडचण कुठे आहे ते सांगते. स्वादुपिंड दोन कामं करतं. इन्सुलिन बनवतं आणि अन्न पचवणारे रसही बनवतं. प्राणी मेला की ते पाचक रस इन्सुलिनलाच खाऊन टाकायला लागतात. त्यामुळे अवयव ताजा हवा, थंड हवा, आणि आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये लगेच वाटून घ्यायला हवा, म्हणजे ते रस निकामी होतात. मग गाळायचं, चरबी काढायची, अल्कोहोल उडवायचं, आणि इंजेक्शनातून देण्याइतकं जंतुरहित करायचं. युद्धात, विजेचा भरवसा नसताना.

त्यापुढचा प्रश्न आणखी कठीण होता. तयार झालेल्या द्रवात इन्सुलिन आहे किती? जास्त असेल तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो, कमी असेल तर साखर चढून मरतो. मोजायचं यंत्र नव्हतं. त्यांनी जुनीच पद्धत वापरली. उपाशी ठेवलेल्या सशाला टोचायचं आणि त्याची साखर किती उतरते त्यावरून ताकद ठरवायची. त्यांचं इन्सुलिन तपकिरी रंगाचं होतं. दुकानातलं पाण्यासारखं स्वच्छ असतं.

माणसावरचा पहिला प्रयोग इव्हाने स्वतःवर करून घेतला. ते इन्सुलिन चाललं.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इन्सुलिन फक्त इव्हापुरतं ठेवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी ते शांघायमधल्या इतर मधुमेहींनाही दिलं. कुणाला किती द्यायचं हे ठरवणं आलं, आणि तयार झालेला प्रत्येक घोट वाटून घेणं आलं. युद्ध संपेपर्यंत शेकडो माणसं त्या तपकिरी द्रवावर जगली. पुढे हे दोघं अमेरिकेला गेले. इव्हा मधुमेहींच्या सभांमधून बोलत राहिली, चार्ल्स बेस्टलाही भेटली. व्हिक्टर गेल्यावर ती चिलीत राहायला गेली आणि २००२ मध्ये तिथेच वारली. साठ वर्षं इन्सुलिनवर.

मी ही गोष्ट आईला सांगितली. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "असा नवरा मिळायला नशीब लागतं." मी म्हटलं, "अगं, त्याला तिचा आजार माहीत होता म्हणून तो हे करू शकला." ती गप्प झाली. रागावून नाही, पण गप्पच.

खरं तर घरी कुणीच काही करत नाही असं नाही. गावाला लोडशेडिंग असतं, फ्रिज पाच-पाच तास बंद. मागच्या उन्हाळ्यात आजीने विचारलं, "तुझं ते औषध गारच लागतं का?" हो म्हटल्यावर तिने एका मोठ्या मडक्यात वाळू घातली, त्यात लहान मडकं बसवलं, वाळू पाण्याने भिजवली आणि वर ओलं फडकं टाकलं. इन्सुलिनच्या बाटल्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवल्या. भाजी टिकवायला ती असंच करायची. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं, हे मी तिला सांगणार होते, पण तिला त्याची गरज नव्हती. तिने दिवसातून दोनदा वाळूवर पाणी मारलं, न विसरता. आजी चौथीपर्यंत शिकली आहे.

बायकोच्या नावावर घेतलेलं यंत्र

आज माझ्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर आहे आणि साखर फोनवर दिसते. त्याच्या आधी बोटाला टोचून ग्लुकोमीटर. त्याच्याही आधी? घरी तपासता यायची ती फक्त लघवी. सुरुवातीच्या काळात बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत जाईल तशी साखर जास्त. काचेच्या सिरिंज उकळायच्या, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून टोकदार करायच्या. यातलं बरंचसं काम घराघरांत आया आणि बायका करत. ते कुठल्या शोधाच्या यादीत येत नाही.

लघवीतली साखर ही काही तासांपूर्वीची बातमी. आत्ता रक्तात काय चाललंय ते तिच्यातून कळत नाही. हे बदलण्यात एका इंजिनिअरचा मोठा वाटा आहे. रिचर्ड बर्नस्टाइन, न्यूयॉर्कचा, बाराव्या वर्षापासून मधुमेह. पस्तिशीला येईपर्यंत आजाराने त्याचं शरीर पोखरायला सुरुवात केली होती. १९६९ मध्ये त्याने एका यंत्राची जाहिरात पाहिली. एक थेंब रक्तातून मिनिटाभरात साखर सांगणारं एम्स कंपनीचं यंत्र. वजन दीड किलोच्या आसपास, किंमत ६५० डॉलर. रात्री बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे, हे दवाखान्यांना कळावं म्हणून ते केलं होतं. विकलं जायचं फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना. रुग्णाला नाही.

बर्नस्टाइनची बायको डॉक्टर होती. यंत्र तिच्या नावावर घेतलं.

तो दिवसातून पाच-सहा वेळा साखर मोजायला लागला. आपल्याला कशाने किती चढते, किती इन्सुलिनने किती उतरते, याच्या नोंदी ठेवल्या. साखर सपाट ठेवता येते आणि त्याने बरं वाटतं, हे त्याला दिसलं. त्याने लेख लिहिला, वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारला. इंजिनिअरचं कोण ऐकतो? मग त्याने पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि तो डॉक्टर झाला. साखर काटेकोर ठेवल्याने डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात हे १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं. बर्नस्टाइन २०२५ मध्ये, नव्वदीत वारला.

इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. पण त्यातली बायको काढून टाकली तर ती गोष्ट उरतच नाही, हेही लक्षात ठेवते.

नाव चुकलं की

आता माझ्या वाया गेलेल्या वर्षाकडे येते. एवढं सगळं माहीत असताना मोठ्या माणसाला टाइप वन आहे हे ओळखायला वेळ का लागतो?

दोन प्रकारचे मधुमेह आहेत हे फार जुनं निरीक्षण आहे. सुश्रुतसंहितेत जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन भेद आहेत. पहिल्यातला रुग्ण कृश, दुसऱ्यातला स्थूल. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी प्रयोगाने दाखवलं की काही मधुमेही इन्सुलिनला चटकन दाद देतात आणि काही देत नाहीत. पण बोलीभाषेत आणि दवाखान्यातही विभागणी झाली ती वयावर, लहान मुलांचा मधुमेह आणि मोठ्यांचा मधुमेह. नावातच वय घातल्यामुळे पंचविशी-तिशीतला माणूस आपोआप दुसऱ्या रकान्यात गेला.

१९७४ मध्ये लंडनमध्ये जियानफ्रँको बोट्टाझो, डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. आजार ऑटोइम्यून असल्याचा तो ठळक पुरावा. पुढे त्या अँटिबॉडी नेमक्या कुठल्या प्रथिनावर हल्ला करतात हे कळलं, त्यातलं एक म्हणजे गॅड. १९९० च्या दशकात फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की टाइप टू समजून गोळ्यांवर ठेवलेल्या काही प्रौढांच्या रक्तात याच अँटिबॉडी असतात आणि त्यांना पुढे इन्सुलिन लागतं. या सावकाश वाढणाऱ्या प्रकाराला 'लाडा' असं नाव पडलं. मराठीत ते उगाच गोंडस वाटतं. २०१८ मध्ये यूके बायोबँकेतल्या माहितीवरून झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की साठीपर्यंत टाइप वन झालेल्यांपैकी ४२ टक्के लोकांना तो तिशीनंतर झाला होता.

आणि चूक फक्त आपल्याकडे होते असं नाही. थेरेसा मे ब्रिटनच्या गृहमंत्री असताना, २०१२ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांना टाइप टूचं निदान झालं. गोळ्या चालल्या नाहीत, पुन्हा तपासण्या झाल्या, तेव्हा टाइप वन निघाला. देशाच्या गृहमंत्र्यांचं असं होतं, तर माझ्यासारखीचं वर्ष गेलं यात नवल नाही. फरक एवढाच की त्यांनी ते जाहीर सांगितलं, आणि नंतर तोच आजार घेऊन त्या पंतप्रधान झाल्या. क्रिकेट बघणाऱ्यांना वासिम अक्रम आठवेल. १९९७ मध्ये, तिशीत, कारकीर्द भरात असताना त्याला मधुमेह झाला. तो इन्सुलिन घेत पुढे खेळला, विकेट काढत राहिला आणि त्याबद्दल उघड बोलला.

चुकीच्या नावाचा परिणाम नुसता औषधापुरता राहत नाही. टाइप टू म्हटलं की घरात दोष वाटून द्यायला सुरुवात होते. बाहेरचं खाते, व्यायाम नाही, रात्री जागते. वर्षभर मी स्वतःलाही तेच सांगत होते. ज्या दिवशी अँटिबॉडीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी लॅबच्या बाहेर रडले. आयुष्यभर सुया टोचायच्या हे कळूनही मला हलकं वाटलं होतं.

पुढच्या पंगतीला

फेब्रुवारीत एक स्थळ आलं. मुलगा पुण्यातच, माझ्याच क्षेत्रातला. दोनदा भेटलो, बोलणं जमत होतं. दुसऱ्या भेटीत कॉफी आली तेव्हा त्याने माझ्या दंडावरचा सेन्सर पाहिला आणि विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, लाडा, इन्सुलिन, मुलं होऊ शकतात पण जास्त काळजी घ्यावी लागते, सगळं. त्याने नीट ऐकलं, चांगले प्रश्न विचारले. चार दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका पहिल्या भेटीआधीच जुळवून झाली होती.

आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला आणि विचारलं, "एका भाकरीत किती कार्ब असतात म्हणालीस?" मी म्हटलं, भाकरीच्या आकारावर आहे. ती म्हणाली, "मग मी वजन करून ठेवते." आता आमच्या स्वयंपाकघरात डिजिटल काटा आहे. ज्वारीचं पीठ मोजून आई माझ्या भाकऱ्या वेगळ्या थापते आणि कुणी विचारलं तर सांगते, "ती डाएटवर आहे." आत्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर गावी जाऊळ आहे, बारशाच्या त्याच बाळाचं. या वेळी मी थोरल्या काकूंना आधीच फोन केला. सांगितलं की मी इंजेक्शन घेतल्यावर लगेच जेवावं लागतं, बायकांच्या पंगतीपर्यंत थांबता येणार नाही. त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "पहिल्या पंगतीला बस. माझ्या शेजारी. मलाही गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, तेवढंच निमित्त." मग म्हणाल्या, "लोक विचारतील."

मी म्हटलं, विचारू देत. आत्या फोनवर बरंच काही वाचत असते, तेव्हा हा लेखही कधीतरी तिच्यापर्यंत पोचेल. आईला मी तो आधी वाचून दाखवला आहे. बारशाचा भाग काढून टाक, असं ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "राहू दे. पण आजीचं मडकं नीट लिही."